हायब्रीडची भाकरी आणि हायब्रीडची गाडी

(दहावी १९८४ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात दुपारच्या सत्रात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला अर्धा तास दिला आहे, आणि तोही श्रीखंड-पुरीच्या जेवणानंतरचा. त्यामुळे मी आवाज जरा चढाच ठेवणार आहे. मागच्या बाकावरची मंडळी चाळीस वर्षांनीही मागेच बसली आहेत, त्यांच्यासाठी खास.

मेळाव्यासाठी चार महिन्यांपूर्वी आपला ग्रुप सुरू झाला. सुप्रभात, जुने फोटो, कोणाच्या नातवाचा वाढदिवस, आणि दर दोन-तीन दिवसांनी माझ्यासाठी एक प्रश्न : “अरे, गाडी घ्यायची आहे, हायब्रीड घेऊ का?” मी उत्तर लिहायच्या आत चौघांची उत्तरं येतात. एक म्हणतो, बॅटरी तीन वर्षांत जाते. दुसरी म्हणते, पुराच्या पाण्यात गेली की आतल्या सगळ्यांना शॉक. तिसरा म्हणतो, पेट्रोलच लागत नाही, चालता चालता आपोआप चार्ज होते. शेवटी संयोजक म्हणाले, तू हे एकदाच उभा राहून सांगून टाक.

आयटीआय करून मी मोटार मेकॅनिक झालो. चौतीस वर्षं वर्कशॉपमध्ये काढली, त्यातली शेवटची काही वर्षं नव्या पोरांना शिकवण्यात. मी कोणत्याही कंपनीचा विक्रेता नाही. आपल्यातले बरेच जण निवृत्त झालेत किंवा दोन वर्षांत होतील. फंडाच्या पैशातून घेतलेली गाडी बहुतेकांची शेवटची नवी गाडी असेल. तेव्हा दहा-वीस लाख रुपये कोणाच्या फॉरवर्डवर ठरू नयेत, एवढ्यासाठी मी उभा आहे.

सुरुवात शब्दापासून करू. आपल्या भागात “हायब्रीड” हा शब्द गाडीबरोबर आला नाही, ज्वारीबरोबर आला. साठच्या दशकात संकरित ज्वारी आली, बहात्तरच्या दुष्काळानंतर घरोघरी गेली. उत्पन्न भरपूर, पण शाळूच्या भाकरीची चव तिला नाही, असं आपल्या आज्या म्हणायच्या. तेव्हापासून दिसायला मोठं पण आत कस नाही, अशा कशालाही आपण हायब्रीड म्हणतो. “हायब्रीड पिढी” हा टोमणा आपण स्वतः खाल्लाय आणि आता पोरांना देतो. गाडीचं नाव ऐकल्यावर निम्म्या लोकांच्या मनात पहिली शंका तिथूनच येते : ही गाडी नाजूक असणार.

गाडीच्या बाबतीत या शब्दाचा अर्थ एवढाच की चाकं फिरवायला दोन गोष्टी आहेत. एक पेट्रोलचं इंजिन आणि एक विजेची मोटर. कल्पना नवी नाही. फर्डिनांड पोर्शे या माणसाने १९०० च्या सुमारास व्हिएन्नामध्ये अशी गाडी करून दाखवली होती. मोठ्या संख्येने विकायला काढलेली पहिली हायब्रीड म्हणजे टोयोटाची प्रियस, ती डिसेंबर १९९७ मध्ये जपानमध्ये आली. आपल्याकडे २००८ मध्ये होंडाने सिव्हिक हायब्रीड आणली, २०१० मध्ये प्रियस आली, पण त्या परवडणाऱ्या नव्हत्या. आपल्यासारख्यांच्या चर्चेत हा विषय आला तो २०२२ मध्ये. त्या वर्षी होंडा सिटी, मारुतीची ग्रँड व्हिटारा आणि टोयोटाची हायरायडर या गाड्या हायब्रीड रूपात आल्या, आणि वर्षअखेरीस इनोव्हा हायक्रॉस.

आता पहिला गैरसमज : पाठीमागे हायब्रीड लिहिलंय म्हणजे सगळ्या हायब्रीड सारख्याच.

तसं नाही. एक असते माइल्ड हायब्रीड. हिच्यात छोटी मोटर असते. ती सिग्नलला बंद झालेलं इंजिन हळूच सुरू करते, वेग घेताना थोडा हातभार लावते. एकटी मोटर गाडी ओढू शकत नाही. दुसरी स्ट्राँग हायब्रीड. हिच्यात इंजिन पूर्ण बंद ठेवून गाडी निव्वळ मोटरवर चालू शकते, थोडं अंतर का होईना. तिसरी प्लग-इन हायब्रीड. तिची बॅटरी मोठी असते आणि ती घरच्या विजेवर चार्ज करता येते. ती आपल्याकडे क्वचितच दिसते.

हा गोंधळ लोकांच्या अडाणीपणामुळे झालेला नाही. २०१५ मध्ये केंद्र सरकारने फेम नावाची योजना आणली, तेव्हा माइल्ड हायब्रीडलाही अनुदान मिळत होतं. मग हायब्रीडची पाटी लावलेल्या गाड्या रस्त्यावर दिसू लागल्या. २०१७ मध्ये माइल्डचं अनुदान बंद झालं, पण तो शब्द लोकांच्या डोक्यात राहिला. आजही एकाच नावाची गाडी माइल्ड आणि स्ट्राँग अशा दोन्ही रूपांत मिळते. म्हणून शोरूममध्ये एकच प्रश्न विचारा : “इंजिन बंद ठेवून ही गाडी पुढे जाते का?” उत्तर गुळमुळीत आलं तर ती माइल्ड. माइल्ड वाईट नाही, पण तिच्याकडून दीडपट अ‍ॅव्हरेजची अपेक्षा ठेवू नका. यापुढे मी हायब्रीड म्हणेन तेव्हा ती स्ट्राँग समजा.

दुसरा गैरसमज : ही गाडी स्वतःच स्वतःला चार्ज करते, म्हणजे ती वीज फुकटची.

इथे मला आपले विज्ञानाचे सर आठवतात. ऊर्जा निर्माण करता येत नाही आणि नष्टही करता येत नाही, हे त्यांनी आपल्याकडून इतक्या वेळा घोकून घेतलं की झोपेतही म्हणता यावं. या एका वाक्यात हायब्रीडचं सगळं शास्त्र आहे. गाडीला बाहेरून काय मिळतं? फक्त पेट्रोल. मग बॅटरीत जी वीज आहे ती कुठून आली? पेट्रोलमधूनच. “सेल्फ चार्जिंग” या शब्दांनी दिशाभूल होते म्हणून नॉर्वेमध्ये ग्राहक हिताचं काम पाहणाऱ्या सरकारी यंत्रणेने २०२० मध्ये अशा जाहिरातीला मनाई केली होती.

मग फायदा कुठून होतो? एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण नऊ युनिट ऊर्जा असते. घराच्या वीजबिलात असतं तेच युनिट. साध्या गाडीत, शहरातल्या गर्दीत, त्या रुपयातले जेमतेम पंधरा-वीस पैसे चाकापर्यंत पोचतात. बाकीचे उष्णता म्हणून रेडिएटरमधून आणि सायलेन्सरमधून जातात. आणि जे चाकापर्यंत पोचतात तेही आपण ब्रेक मारून तापवून टाकतो. ताशी ६० वेगाने चाललेल्या तेराशे किलोच्या गाडीत युनिटचा विसावा भाग ऊर्जा साठलेली असते. ब्रेक दाबला की ती सगळी ब्रेक पॅडमध्ये गरम होऊन हवेत जाते. सिग्नल सुटला की पुन्हा पेट्रोल जाळून तीच कमवायची.

हायब्रीड यातलं काही परत मिळवते. ब्रेकवर पाय ठेवला की तिची मोटर उलटं काम करते, डायनामो होते आणि चाकाची ऊर्जा बॅटरीत टाकते. सगळी नाही, पण बराचसा भाग. दुसरं, सिग्नलला आणि रांगेत सरकताना इंजिन बंद राहतं. तिसरं, जोर लावायला मोटर मदतीला असल्यामुळे इंजिन अ‍ॅटकिन्सन पद्धतीचं ठेवता येतं. ते एकटं असतं तर जरा मंद वाटलं असतं, पण त्याच पेट्रोलमध्ये जास्त काम करतं. मी पोरांना शिकवताना सांगायचो, आईने उरलेल्या भाताचा फोडणीचा भात केला म्हणजे तिने तांदूळ पिकवला असं होत नाही. तांदूळ वाण्याकडूनच आला, वाया गेला नाही एवढंच. हायब्रीडची वीज म्हणजे हा फोडणीचा भात.

हे एकदा नीट बसलं की पुढचे गैरसमज आपोआप उलगडतात.

तिसरा : हायवेला ही गाडी जास्त अ‍ॅव्हरेज देते.

साध्या गाडीचं तसं असतं, म्हणून आपण तेच गृहीत धरतो. पण हायब्रीड वाचवते ती ब्रेकमध्ये आणि उभं राहण्यात वाया जाणारी ऊर्जा. कराडहून पुण्याला सरळ शंभरच्या वेगाने निघालात, तर ब्रेक किती वेळा लागतो? परत मिळवायला काही उरतच नाही. तिथे सगळी मारामारी वाऱ्याशी असते, आणि वारा काही परत देत नाही. तरीही चांगल्या इंजिनामुळे फरक राहतो, पण तो कमी होतो. हिंजवडीच्या रांगेत सरकणाऱ्याला मात्र ती खरा हात देते. व्हिटारा-हायरायडरच्या कागदावर लिटरला २७.९७ किलोमीटर लिहिलंय. तो आकडा खोटा नाही, पण तो रोलरवर, ठरवून दिलेल्या वेगाने घेतलेल्या चाचणीतला आहे. त्या रोलरवर नाना पेठ नसते आणि मागच्या सीटवर मेहुण्याचं कुटुंबही नसतं.

चौथा : बॅटरी तीन-चार वर्षांत जाते आणि मग गाडी भंगारात.

ही भीती घरच्या इन्व्हर्टरमुळे आली आहे. त्यात पाणी घालायला विसरलो की तीन वर्षांत बॅटरी बदलावी लागते, हे आपण सगळ्यांनी भोगलंय. पण ती शिशाची बॅटरी असते, आणि लाइट गेली की आपण तिला पार तळापर्यंत उपसतो. हायब्रीडची बॅटरी लिथियम-आयनची किंवा निकेल-मेटल हायड्राइडची असते, आणि गाडीतला संगणक तिला ना पूर्ण भरू देतो ना पूर्ण रिकामी होऊ देतो, मधल्या पट्ट्यातच ठेवतो. विहिरीचं पाणी बेतानं उपसलं तर ती आटत नाही, तसं. अमेरिकेतल्या कन्झ्युमर रिपोर्ट्स या ग्राहक मासिकाने २०११ मध्ये २००२ सालची, सव्वातीन लाख किलोमीटरहून जास्त चाललेली एक प्रियस तपासली. मूळ बॅटरीवर तिचं अ‍ॅव्हरेज नव्या गाडीच्या जवळजवळ बरोबरीचं निघालं. आपल्याकडे टोयोटा, मारुती आणि होंडा या तिघांनीही या बॅटरीवर आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी दिलेली आहे.

याचा अर्थ बॅटरी अमर आहे असा नाही. जुनी हायब्रीड विकत घेणाऱ्याने बॅटरीची तपासणी अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये करून लेखी रिपोर्ट घ्यावा आणि नव्या बॅटरीची किंमतही लेखी विचारून ठेवावी. शिवाय एक गोष्ट कोणी सांगत नाही, ती लिहून घ्या. बऱ्याच हायब्रीडमध्ये मागच्या सीटजवळ एक जाळी असते. बॅटरी गार ठेवणारी हवा तिथून आत जाते. आपण गावाहून येताना तिथे ज्वारीचं पोतं टेकवतो, आंब्याची पेटी ठेवतो, कोणाची शाल पडते. जाळी बुजली की बॅटरी तापते, आणि उष्णता हीच बॅटरीची खरी शत्रू. जाळी मोकळी ठेवा, आणि सर्व्हिसिंगला तिची गाळणी साफ करायला सांगा. काम दहा मिनिटांचं आहे.

जाता जाता या बॅटरीचा आकार सांगतो. व्हिटारा-हायरायडरची बॅटरी जेमतेम पाऊण युनिटची आहे. संपूर्ण विजेच्या गाडीची तीस-चाळीस युनिटांची असते. त्यामुळे “पेट्रोल संपलं तर बॅटरीवर घरी जाऊ” हे मनातून काढून टाका. सपाट रस्त्यावर दोन-तीन किलोमीटर फार झालं.

पाचवा : घाटात दम टिकत नाही.

यात थोडं खरं आहे, म्हणून नीट ऐका. या गाड्यांच्या माहितीपत्रकात इंजिन ९२ आणि मोटर ८० अश्वशक्तीची लिहिलेली असते. लोक बेरीज करून १७२ म्हणतात. एकत्रित ताकद ११६ च्या घरात आहे, कारण इवलीशी बॅटरी मोटरला पूर्ण ताकदीने वीज पुरवूच शकत नाही. खंबाटकी चढायला एवढी ताकद पुरते. लांबलचक घाटात, गाडी भरलेली असताना, बॅटरी खाली येते आणि भार इंजिनवर पडतो. मग इंजिन एका सुरात मोठ्याने ओरडतं, कारण तिच्यात आपल्या ओळखीचे गिअर नाहीत. वर्कशॉपमध्ये माणसं यायची, “क्लच प्लेट घसरतेय बघा.” क्लच प्लेटच नाही तर घसरणार काय! आवाज वाढतो पण गाडी चढते. मात्र ज्याला घाटात ओव्हरटेक करायची हौस आहे, त्याने आधी चालवून पाहावी.

उतारावर उलटा प्रकार होतो. खंडाळ्याहून खोपोलीला उतरताना गाडी सुमारे पाचशे मीटर खाली येते. तेराशे किलोच्या गाडीची ही ऊर्जा पावणेदोन युनिटच्या आसपास भरते. त्यातली काही वाऱ्यात आणि टायरमध्ये गेली, तरी पाऊण युनिटची बॅटरी निम्म्या वाटेतच भरून जाते. नंतर गाडी ऊर्जा साठवत नाही, पेट्रोल न घेता इंजिन फिरवून वेग आवरते. तेव्हा उतारावर इंजिनचा आवाज आला तर घाबरू नका. आणि नुसत्या ब्रेकवर उतरू नका. त्यासाठी गिअरच्या दांड्यावर ‘बी’ असं एक स्थान असतं, ते वापरा.

सहावा : पाण्यात शॉक लागतो.

सांगली-कोल्हापूरच्या मंडळींनी २०१९ चा महापूर पाहिलाय, त्यांची भीती समजू शकते. साध्या १२ व्होल्टच्या बॅटरीची एक वायर गाडीच्या पत्र्याला जोडलेली असते. हायब्रीडच्या मोठ्या बॅटरीच्या दोन्ही वायरी पत्र्यापासून पूर्ण अलग असतात. कुठे गळती झाली किंवा धडक बसली की संगणक ती वीज तोडतो. त्यामुळे पत्र्याला हात लावला की शॉक, असं होत नाही. पण हायब्रीडलाही पेट्रोलचं इंजिन आहे, आणि त्या इंजिनात पाणी शिरलं तर साध्या गाडीसारखंच नुकसान होतं. बुडालेली गाडी, मग ती कुठलीही असो, सुरू करून बघायची नाही. ओढून न्यायची ती पुढची चाकं उचलून किंवा सरळ ट्रकवर घालून, कारण चाकं फिरली की मोटरही फिरते आणि वीज तयार होते. आणि आपलं जुनं कसब, चार पोरांनी धक्का देऊन गाडी सुरू करणं, ते इथे चालत नाही.

मग खरा धोका कुठे आहे? दोन ठिकाणी.

पहिला घरात. ही गाडी चालू असूनही गप्प असते. बटण दाबल्यावर फक्त “रेडी” असा दिवा लागतो. इंजिनचा आवाज नाही म्हणून माणूस गाडी बंद आहे समजून उतरतो. थोड्या वेळाने बॅटरी खाली आली की इंजिन आपोआप सुरू होतं. शटर ओढलेल्या बंद गॅरेजमध्ये तो धूर जीव घेऊ शकतो. आपल्या वयात विसरणं वाढतं, म्हणून सवय लावा : उतरण्याआधी “रेडी” विझला का ते बघायचं. आणि गल्लीतून जाताना लक्षात ठेवा, शाळेतून सुटलेल्या पोरांना ही गाडी ऐकू येत नाही.

दुसरा धोका गॅरेजवाल्याला. आपल्या तुकडीतल्या दोघांची मुलं आज हायवेला गॅरेज चालवतात, म्हणून हे मुद्दाम सांगतो. या गाड्यांत जाड नारिंगी वायरी असतात. त्यांत दोनशे व्होल्टच्या घरातली वीज असते, आणि मोटरपर्यंत जाताना ती आणखी चढवलेली असते. १२ व्होल्टच्या सवयीने पाना घालायला गेलात तर दुसरी संधी मिळत नाही. आधी सर्व्हिस प्लग काढायचा, तो स्वतःच्या खिशात ठेवायचा, मग किमान दहा मिनिटं थांबायचं, कारण प्लग काढला तरी आतल्या कपॅसिटरमध्ये वीज शिल्लक असते. हातात हजार व्होल्टचे रबरी हातमोजे, आणि मीटरने तपासल्याशिवाय हात नाही. प्रशिक्षण घेतलेलं नसेल तर ऑइल, टायर, ब्रेक ही कामं बिनधास्त करा, नारिंगी वायरीला हात लावू नका. आणि गाडीमालकांनो, तुम्हीही दोनशे रुपये वाचवण्यासाठी त्या पोराला “बघ रे जरा उघडून” म्हणू नका.

सातवा गैरसमज : हायब्रीड म्हणजे प्रदूषण शून्य, आणि सरकार सगळ्या सवलती देतं.

एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, गाडी कोणतीही असो. हायब्रीड पेट्रोल कमी जाळते म्हणून धूर कमी सोडते, बस्स. पीयूसी तिलाही काढावी लागते. तिला विजेच्या गाडीची हिरवी नंबरप्लेट मिळत नाही. विजेच्या गाडीवर जीएसटी ५ टक्के आहे. चार मीटरपेक्षा लांब हायब्रीडवर तो सेससह ४३ टक्के होता, सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के आहे. उत्तर प्रदेशाने २०२४ मध्ये स्ट्राँग हायब्रीडच्या नोंदणी करात सूट दिली होती. नातेवाइकाने तिकडे घेतली म्हणून इकडेही तेच मिळेल असं समजू नका. आपल्या आरटीओत विचारा.

आता शेवटचा आणि खिशाचा गैरसमज : पेट्रोल वाचतं, म्हणजे पैसे वाचतात.

फळ्यावर मांडू. एकाच गाडीच्या साध्या आणि हायब्रीड रूपात तीन लाखांचा फरक धरू. पेट्रोल लिटरला १०४ रुपये. शहरात साधी गाडी १४ देते, हायब्रीड २१ देते असं समजू.

पहिला मित्र निवृत्त. भाजी, बँक, दवाखाना, महिन्यातून एकदा देवदर्शन. वर्षाला ६ हजार किलोमीटर. त्याचं पेट्रोल वाचतं १४३ लिटर, म्हणजे सुमारे १५ हजार रुपये. तीन लाख वसूल व्हायला वीस वर्षं. तोवर आपण सगळे ऐंशीला टेकलेले असू!

दुसरी आपली मैत्रीण, पुण्यात अजून नोकरी करते, रोज गर्दीतून जाते-येते. वर्षाला २४ हजार किलोमीटर. तिचं ५७१ लिटर वाचतं, सुमारे ५९ हजार रुपये. पाच वर्षांत फरक वसूल, आणि वॉरंटी आठ वर्षांची.

तिसरा मित्र व्यापारी, तोही २४ हजार किलोमीटर, पण सगळे हायवेचे. तिथे साधी १८ देते, हायब्रीड २२. वाचतं २४२ लिटर, सुमारे २५ हजार. बारा वर्षं लागतात.

तीच गाडी, तेच पेट्रोल, आणि तीन माणसांची तीन उत्तरं. म्हणून ग्रुपवर “हायब्रीड घेऊ का?” असं विचारलंत तर माझा उलटा प्रश्न असेल : वर्षाला किती चालवता, आणि कुठे? आपल्या सध्याच्या गाडीच्या मीटरवरचा आकडा तिच्या वयाने भागा, उत्तर तिथे लिहिलेलं आहे. वर्षाला दहा हजारांच्या आत असाल तर चांगली साधी पेट्रोल गाडी घ्या आणि उरलेल्या पैशातून बायकोला किंवा नवऱ्याला घेऊन अंदमान पाहून या. शहरात पंधरा-वीस हजारांच्या पुढे असाल तर हायब्रीडचा जरूर विचार करा. घरी चार्जिंगची सोय असेल आणि फिरणं गावातल्या गावातच असेल, तर विजेची गाडीही बघा.

पैशापलीकडेही हिशेब असतो, हे मला मान्य आहे. हायब्रीडमध्ये सेल्फ, डायनामो, क्लच या नेहमीच्या कटकटी बहुतेक नाहीत, ब्रेक पॅड जास्त टिकतात, आणि रांगेत सरकताना पायाला आराम मिळतो. गुडघ्यांची तक्रार असलेल्यांना याची किंमत कळेल. फक्त गाडी गावच्या घरी महिनोन्‌महिने उभी ठेवणार असाल, तर हेही ऐका. तिच्यात साधी १२ व्होल्टची बॅटरीही असते, आणि ती उतरली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी सुरू होत नाही. परदेशातून दिवाळीला येणाऱ्यांनी शेजाऱ्याला आठवड्यातून अर्धा तास गाडी “रेडी”वर ठेवायला सांगावं, अर्थात अंगणात, उघड्यावर.

ज्वारीच्या बाबतीत आपल्या आज्यांचं काही चुकलं नव्हतं. त्यांनी भाकरी खाऊन पाहिली आणि मग मत दिलं. आपणही गाडी चालवून पाहू, वही-पेन घेऊन हिशेब मांडू आणि मग मत देऊ. शाळेने आपल्याला तेवढं गणित आणि तेवढं विज्ञान नक्की शिकवलं आहे.

बाई, तुमच्यासमोर इतका वेळ न अडखळता बोलण्याची ही माझी पहिलीच वेळ.  बाहेर चहा तयार आहे. ज्यांना गाडी घ्यायची आहे त्यांनी मीटरचा आकडा घेऊन तिथे यावं, कागद मी आणले आहेत.